ईसीजी नॉर्मल, तरी सहा तास कॅज्युअल्टीत: एवढं थांबवायची गरज असते का?

सावळी_बाग (धागाकर्ती)

बाबांना (वय ६३, बीपी आणि शुगर दोन्हींच्या गोळ्या चालू) शनिवारी रात्री नऊच्या सुमारास जेवता जेवता छातीत भरून आल्यासारखं झालं. घाम फारसा नाही, डावा हात दुखणं वगैरे काही नाही. आई म्हणाली गॅस असेल, ओवा दिला. अर्धा तास झाला तरी कमी होईना म्हणून जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत नेलं. गेल्या गेल्या ईसीजी काढला, तो नॉर्मल. ट्रोपोनिन नावाची रक्ततपासणी, तीही नॉर्मल. तोपर्यंत दुखणंही थांबलं होतं. आम्ही निघायच्या बेतात, तर ड्यूटीवरच्या डॉक्टर म्हणाल्या, "आत्ता सोडता येणार नाही. पहाटे चारला पुन्हा रक्त घेऊ."

मग रात्रभर बाबा कॉटवर आणि मी प्लॅस्टिकच्या खुर्चीत. चारची तपासणीही नॉर्मल. साडेपाचला सोडलं, हातात टीएमटीची (पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतात ती तपासणी) चिठ्ठी आणि बिल. आकडा लिहीत नाही, पुन्हा माझंच बीपी वाढेल.

बाबा ठणठणीत आहेत, त्याबद्दल देवाचे आभार. पण सगळं नॉर्मल असताना सहा तास ठेवण्यात वैद्यकीय कारण किती आणि मीटर चालू ठेवण्याचा भाग किती? जाणकारांनी सांगावं.

उसळ_पाव

रुमाल टाकून ठेवतो. धागा शंभरी गाठणार.

खवट_म्हातारा

मीटरच. आमच्या वेळी फॅमिली डॉक्टर घरी यायचे, नाडी बघायचे, छातीला नळी लावायचे आणि सांगायचे, पित्त आहे, झोपा. माणसं जगत होतीच की.

चिंचोके

@खवट_म्हातारा, जी जगली ती सांगायला आहेत. आमचे आजोबा त्याच पद्धतीने 'पित्त आहे, झोपा' म्हणून झोपले. ते सकाळी उठले नाहीत. वय ५४.

खवट_म्हातारा

बरं. मागे घेतो.

रात्रपाळी

मी कॅज्युअल्टीत काम करतो, तेव्हा माझा पक्ष आधीच जाहीर करून टाकतो.

छातीत दुखतंय म्हणून कोणी आलं की आम्ही आधी एकच गोष्ट बघतो: याला तासाभरात मारू शकेल असं काही आहे का? हार्ट अटॅक तर आहेच. शिवाय महाधमनीचा पदर फाटणं, फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी अडकणं, फुप्फुसाबाहेर हवा कोंडून छाती दाबली जाणं, हृदयाच्या पिशवीत पाणी किंवा रक्त साठणं, आणि क्वचित जोरदार उलट्यांनंतर अन्ननलिका फाटणं. हे सगळं बाजूला पडलं की मग पित्त, उसण, काळजी, बाकीचं.

पेशंट आल्यापासून १० मिनिटांत ईसीजी निघाला पाहिजे. तुमच्याकडे गेल्या गेल्या काढला म्हणजे तिथली माणसं कामाची होती. पण ती पट्टी साधारण १० सेकंदांचं सांगते. त्या वेळी दुखत नसेल, किंवा अडथळा हृदयाच्या मागच्या भिंतीला असेल, तर पहिली पट्टी स्वच्छ येऊ शकते. म्हणून दुखणं चालू असेल तर आम्ही पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा काढतो, कधी पाठीवरही लीड (ईसीजीची तार) लावतो.

आता ट्रोपोनिन. हे हृदयाच्या स्नायूतलं प्रथिन. स्नायूला इजा झाली की ते रक्तात उतरतं, पण लगेच नाही. जुन्या पद्धतीच्या तपासणीत दिसायला तीन ते सहा तास जातात. बाबांचं दुखणं नऊला सुरू झालं, रक्त दहाच्या आसपास घेतलं. तासाभरात घेतलेल्या रक्तात ते नसणारच. पहिल्या नॉर्मल रिपोर्टला आमच्या लेखी फार किंमत नव्हती. दोन रिपोर्टांमध्ये आकडा हलला का, हे बघायचं असतं.

सहा तास का, हा प्रश्न मात्र रास्त आहे. हाय सेन्सिटिव्हिटी ट्रोपोनिनची सोय असेल तर दुसरं रक्त एक ते तीन तासांत घेता येतं. तुमच्या हॉस्पिटलात जुनं किट असावं. म्हणजे थांबवणं बरोबर, पण एवढा वेळ थांबावं लागलं ते त्यांच्या लॅबमुळे.

सावळी_बाग

@रात्रपाळी, धन्यवाद. हे एवढं त्या रात्री कोणी सांगितलं असतं तर मी धागाच काढला नसता. तिथे "प्रोटोकॉल आहे" एवढंच उत्तर मिळालं.

रात्रपाळी

तिथे त्या एकट्या असतील, आणि शेजारच्या कॉटवर फिट्सचा पेशंट. पण हो, दोन वाक्यं सांगायला हवी होती.

विमावाला

दुसऱ्या बाजूची गंमत सांगतो. बहुतेक मेडिक्लेम पॉलिसींत किमान २४ तास दाखल असणं लागतं (डे केअरची यादी सोडून). म्हणजे सहा तास निरीक्षणाखाली ठेवून सोडलं तर पैसे खिशातून. त्यामुळे नातेवाईकच मागे लागतात, "डॉक्टर, एक दिवस ॲडमिट दाखवा ना." मग तो पेशंट बिनकामाचा आयसीयूत झोपतो, खऱ्या पेशंटला खाट मिळत नाही, आणि नंतर आमच्याकडे फाइल येते की ॲडमिशनची गरजच नव्हती, क्लेम नाकारा. सगळ्यांनाच शिव्या बसतात. तुमच्या हॉस्पिटलला मीटर चालवायचा असता तर त्यांनी २४ तास ठेवलं असतं आणि तुम्ही कॅशलेस म्हणून आनंदाने सही केली असती.

उसळ_पाव

विमावाल्याने हॉस्पिटलची बाजू घेतली. धागा जतन करून ठेवा रे कोणीतरी.

काजळमाया

मला वेगळंच विचारायचंय. घरी काय करायचं? आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर महिन्यातून एकदा तो फॉरवर्ड येतो: अटॅक आला आणि तुम्ही एकटे असाल तर जोरजोरात खोका. आणि दुसरा तो तीन गोळ्यांच्या पुडीचा: खिशात ठेवा, दुखलं की तिन्ही गिळा.

रात्रपाळी

खोकण्याचा फॉरवर्ड डिलीट करा. खोकत बसण्यात फोन करायचा वेळ जातो.

पुडीतली ॲस्पिरिन मात्र खरी कामाची. १९८८ साली आयएसआयएस-२ नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, १७ हजारांवर पेशंट होते. रोज १६० मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर दिल्याने पाच आठवड्यांतले मृत्यू साधारण पाव हिश्श्याने कमी झाले. तेव्हापासून अटॅकचा संशय आला की ३०० ते ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून खायला देतात, गिळायची नाही, म्हणजे लवकर लागू पडते. पण ॲलर्जी असेल, अल्सरमधून रक्तस्राव होत असेल, तर नको. आणि दुखणं महाधमनी फाटल्याचं असेल तर रक्त पातळ करणं अंगाशी येतं. म्हणून आधी १०८ किंवा जवळचं हॉस्पिटल फोनवर घ्या, आणि गोळी ते सांगतील तशी.

पुडीतल्या जिभेखालच्या गोळीबद्दल (सॉर्बिट्रेट) जास्त सावध. तिने बीपी धाडकन उतरतं. काही अटॅक हृदयाच्या उजव्या बाजूचे असतात, त्यात तर माणूस उभ्या उभ्या कोसळतो.

उसळ_पाव

आणि त्या निळ्या गोळ्या घेणाऱ्यांनी?

रात्रपाळी

विषय निघालाच आहे तर गंभीरपणे: ती गोळी (व्हायग्रा) घेतली असेल तर २४ तास, आणि त्याच कुळातली टाडालाफिल असेल तर ४८ तास, जिभेखालची गोळी द्यायची नसते. आम्ही विचारतो तेव्हा बायको शेजारी उभी असते आणि नवरा छताकडे बघत "नाही" म्हणतो. बायकोला सिस्टर बाहेर फॉर्म भरायला नेतात, मग पुन्हा विचारतो. उत्तर बदलतं.

काजळमाया

😂😂 फॉर्म भरायला!

चिंचोके

अवांतर, पण विषयाला धरून. मावशीच्या छातीत डाव्या बाजूला जळजळ, आग, पाठीपर्यंत. दोन ठिकाणी दाखवलं, ईसीजी, इको, सगळं चांगलं. एक जण म्हणाले पित्त, दुसरे म्हणाले मनाचं. दोन-तीन दिवसांनी आंघोळीच्या वेळी कामवाली म्हणाली, "बाई, हे काय उठलंय?" बरगडीच्या रेषेत पट्टाच्या पट्टा, पाणी भरलेले फोड. नागीण.

तालुका_डॉक्टर

@चिंचोके, क्लासिक. नागिणीत फोड यायच्या आधी काही दिवस नुसती आग असते, आणि पट्टा शरीराच्या एकाच बाजूला. सदरा वर करून पाठीसकट छाती बघितल्याशिवाय पेशंट सोडू नये, असं आमचे सर ओरडून सांगायचे.

आता तालुक्याची बाजू. माझ्याकडून सगळ्यात जवळची कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात ती जागा) घाट उतरून दोन तासांवर, पावसाळ्यात त्याहून जास्त. इथे ट्रोपोनिनचा आकडा येत नाही, कार्डावर रेघ उमटते किंवा उमटत नाही. ईसीजी काढायचा तर पेशंट शेतातून थेट आलेला, अंग घामाने ओलं, रबरी फुगे छातीला चिकटत नाहीत. टॉवेलने पुसा, केस असतील तर रेझर फिरवा, पंखा बंद करा, नाहीतर कुडकुडण्याने रेघ नाचते. मग पट्टीचा फोटो जिल्ह्याच्या कार्डिओलॉजिस्टला व्हॉट्सअ‍ॅपवर. त्यांचा उलट फोन येईपर्यंत मी दुसरा ईसीजी काढतो.

ईसीजीत 'एसटी' म्हणतात तो रेघेचा भाग वर चढलेला दिसला (मोठ्या अटॅकची खूण) आणि दोन तासांत अँजिओप्लास्टी होणं शक्य नाही, तर गुठळी विरघळवणारं इंजेक्शन इथेच. स्ट्रेप्टोकायनेज असेल तर १५ लाख युनिट हळूहळू सलाईनमधून, टेनेक्टेप्लेज असेल तर वजनावर एकाच दमात. पेशंट दारात आल्यापासून ३० मिनिटांत ते शिरेत गेलं पाहिजे, असा दंडक. त्यानंतर १०८ ने पुढे.

द्यायच्या आधी मी दोन्ही हातांचं बीपी घेतो. मागे एक ट्रॅक्टरवाला आला होता, छातीत कळ येऊन पाठीत फाटत गेल्यासारखं म्हणाला. उजव्या हाताचं बीपी १८०, डाव्याचं १३०. इंजेक्शन बाजूला ठेवलं आणि सीटीसाठी पाठवला. महाधमनी होती. त्याला ते इंजेक्शन दिलं असतं तर घाटातच गेला असता.

नवा_गडी

तालुका_डॉक्टर, १०८ मध्ये नुसता ड्रायव्हर असतो की डॉक्टर?

तालुका_डॉक्टर

महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे आणि डॉक्टर असतो, बहुतेक बीएएमएस. ऑक्सिजन असतो, मोठ्या गाडीत शॉक द्यायचं मशीनही. गाडी यायला किती वेळ लागेल ते मात्र गावावर. तरी स्वतः गाडी चालवत येऊ नका एवढं सांगा सगळ्यांना. रस्त्यात ठोका बिघडला तर स्टिअरिंग कोणाच्या हातात?

लीड्सची_लीला

मी इथे इंग्लंडमध्ये ए अँड ईमध्ये (म्हणजे इथली कॅज्युअल्टी) नर्स आहे. आमच्याकडे बिल नाही, वाट बघणं आहे. ईसीजी आणि पहिलं रक्त येताच होतं, मग दुसऱ्या रक्तापर्यंत पेशंट खुर्चीत. नियमाने चार तासांत माणूस घरी किंवा वॉर्डात गेला पाहिजे, प्रत्यक्षात ट्रॉल्या कॉरिडॉरमध्ये रांगेने असतात. पेशंट मला विचारतात, "सगळं नॉर्मल आहे तर मला इथे का बसवलंय?" सावळी_बाग, प्रश्न अगदी तुमचाच, फक्त इंग्रजीत आणि जास्त रागाने.

एक निरीक्षण: बायका कळ आली असं म्हणतच नाहीत. परवा एक गुजराती आजी, साठीच्या पुढच्या, "जीव घाबरतोय, जबडा दुखतोय, दमल्यासारखं झालंय." शुगर होती. सून म्हणाली उपास केलाय म्हणून असेल. ईसीजीत मोठा अटॅक. शुगरवाल्यांना आणि म्हाताऱ्या माणसांना छातीत कधी कधी दुखतच नाही, नुसती धाप लागते.

काजळमाया

हे आईला वाचून दाखवते. ती "काही नाही ग" म्हणून ओटा पुसत राहील, अटॅकमध्येसुद्धा.

पोटभाडेकरू

दाबून दुखलं तर उसण, हे तरी खरं का? आमचे जिमचे ट्रेनर छातीवर बोट दाबतात आणि निकाल देतात.

रात्रपाळी

बोटाने दाबल्यावर अगदी तेच दुखणं उठत असेल तर हृदयाची शक्यता कमी होते. संपत नाही. तसंच पित्ताचं औषध देऊन बरं वाटलं म्हणजे पित्तच, हेही नाही. जिभेखालच्या गोळीने बरं वाटलं म्हणजे हृदयच, हेही नाही. या तिन्ही परीक्षा लोकांना फार आवडतात आणि तिन्ही फसवतात. ट्रेनरला बायसेप्सपुरतं ठेवा.

विमावाला

रात्रपाळी, सोडायचं की ठेवायचं, हे अंदाजाने ठरवता का काही हिशोब असतो? आमच्याकडे फायलींवर 'हार्ट स्कोअर' असं लिहिलेलं दिसतं.

रात्रपाळी

असतो. नेदरलँड्समधल्या डॉक्टरांनी २००८ साली मांडलेला. पाच गोष्टी: दुखण्याची कहाणी, ईसीजी, वय, जोखमीच्या गोष्टी, ट्रोपोनिन. प्रत्येकाला ० ते २ गुण. बेरीज ० ते ३ आली तर धोका कमी, घरी पाठवून नंतर दाखवायला सांगता येतं. ४ ते ६ मध्यम, थांबवून पुढच्या तपासण्या. ७ आणि पुढे थेट कार्डिओलॉजिस्ट.

सावळी_बाग यांच्या बाबांचं ढोबळ करून बघू. कहाणी: संशय घ्यावा अशी पण पक्की नाही, १. ईसीजी ०. वय ४५ ते ६४ मध्ये, १. बीपी आणि शुगर, म्हणजे एक-दोन जोखमी, १. ट्रोपोनिन ०. बेरीज ३.

खवट_म्हातारा

म्हणजे सोडता येत होतं! मी म्हटलं होतं.

रात्रपाळी

दुसरं ट्रोपोनिन झाल्यावर, हो. पहिल्यावर नाही, कारण तेव्हा दुखणं सुरू होऊन तासच झाला होता.

सावळी_बाग

थांबा. एक घोळ आहे. ६३ हे आधारवरचं वय.

बाबांची जन्मतारीख १ जून. आणि काकांचीही १ जून, आत्याचीही १ जून. गुरुजींनी शाळेत घालताना तिघांची तीच टाकली. आजी सांगायची की बाबा एका दुष्काळाच्या आधीच्या पावसात झाले, त्या हिशोबाने ते आत्ता ६५ किंवा ६६ असावेत. आईला विचारलं तर ती म्हणते ६६ नक्की.

उसळ_पाव

आख्खा महाराष्ट्र १ जूनला जन्मलाय. त्या दिवशी फेसबुक हँग होतं.

पोटभाडेकरू

माझे सासरे सरकारी नोकरीत होते. कागदावर ५८ ला रिटायर झाले तेव्हा खरे ६१ होते. तीन वर्षांचा पगार गुरुजींनी मिळवून दिला.

रात्रपाळी

६५ आणि पुढे असेल तर वयाला २ गुण. बेरीज ४. म्हणजे मध्यम गटात, आणि टीएमटी किंवा सीटी अँजिओ लिहून देणं अगदी बरोबर. कोलेस्टेरॉलची गोळी, तंबाखू, गेल्या तीन महिन्यांत सोडलेली सिगारेट, घरात कोणाला कमी वयात अटॅक, यातलं काही?

सावळी_बाग

कोलेस्टेरॉलची गोळी आहे. रात्रीची. ती कोणी विचारली नाही आणि आम्ही सांगितली नाही, बीपी-शुगरच्या डब्यात नसते म्हणून.

रात्रपाळी

मग तीन जोखमी झाल्या, त्यालाही २. बेरीज ५. हे सगळं फोरमवरचं गणित आहे, समोर पेशंट नाही, तेव्हा यावर काही ठरवू नका. पण ती ड्यूटीवरची डॉक्टर मुलगी तुम्हाला थांबवत होती ते उगाच नव्हतं. बहुधा तिने बाबांकडे बघून वय ओळखलं असेल, आधार बघून नाही.

आणि आपल्याकडे हे जास्तच मनावर घ्यावं लागतं. ५२ देशांतल्या इंटरहार्ट अभ्यासात भारतीय उपखंडातल्या लोकांचा पहिला अटॅक साधारण ५३ व्या वर्षी निघाला, बाकीच्यांचा ५९ च्या आसपास.

खवट_म्हातारा

मी ७४. कागदावर ७२. जिन्याने चढताना छाती भरून येते, थांबलं की जाते. हे पित्तच ना?

तालुका_डॉक्टर

नाही काका. चालल्यावर येणारं आणि थांबल्यावर जाणारं, हे पित्त नसतं. उद्या सकाळी दाखवा. आणि आज बसल्या जागी दुखलं, किंवा थांबूनही कमी झालं नाही, तर उद्याची वाट बघू नका.

चिंचोके

काका, कुठे राहता? पुण्यात असाल तर मी नेतो. व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय, बघा.

खवट_म्हातारा

व्यनि कुठे दिसतो?

उसळ_पाव

वर उजवीकडे घंटा आहे, काका. लाल ठिपका. जिना चढू नका तोवर.

सावळी_बाग

टीएमटी गुरुवारी आहे. आधी काही काळजी घ्यायची का? दोन्ही ईसीजीचे (दुखणं थांबल्यावर पुन्हा एक काढला होता) फोटो आहेत माझ्याकडे, इथे टाकू का?

रात्रपाळी

इथे टाकू नका, नाव आणि नंबर दिसतो त्यावर. पण गुरुवारी दोन्ही पट्ट्या मूळ स्वरूपात न्या आणि पट्ट्यावर चढवायच्या आधी कार्डिओलॉजिस्टना दाखवा. विशेषतः दुखणं थांबल्यानंतर काढलेली. कधी कधी दुखणं गेल्यावर छातीच्या व्ही-२, व्ही-३ लीडमध्ये टी लाट उलटी किंवा अर्धी वर-अर्धी खाली येते. तो डाव्या बाजूच्या मुख्य वाहिनीत मोठा अडथळा असल्याचा इशारा असतो, आणि अशा माणसाला पळवायचं नसतं, थेट अँजिओग्राफीला न्यायचं असतं. रिपोर्टवर मशीनने काय छापलंय त्यावर जाऊ नका. आणि सगळ्या गोळ्यांची पाकिटं एका पिशवीत न्या, रात्रीच्या डब्यासकट. कुठली बंद ठेवायची ते टीएमटीवाल्यांनाच फोन करून विचारा.

सावळी_बाग

ठीक. जन्मतारीख काय सांगू?

विमावाला

डॉक्टरांना खरी. पॉलिसीवर आधारचीच राहू दे, नाहीतर तारीख जुळत नाही म्हणून क्लेम अडकेल.

नवा_गडी

माझ्या घड्याळात ईसीजी निघतो. मग हॉस्पिटलात कशाला जायचं?

रात्रपाळी

घड्याळात एकच लीड असते, हॉस्पिटलात १२. ठोके अनियमित आहेत का ते घड्याळ सांगेल, अटॅक आहे की नाही ते सांगणार नाही.

नवा_गडी

पण त्यात ऑक्सिजनही दाखवतात…

काजळमाया

वेगळा धागा काढा.